हायपोस्पेडियासचं ऑपरेशन: एक टप्पा की दोन, आणि नळी घातलेलं बाळ घरी आल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा 9 महिन्यांचा, वजन 8 किलो. जन्मल्यावरच सांगितलं गेलं की शूची जागा टोकाला नसून खालच्या बाजूला, दांड्याच्या मध्याजवळ आहे आणि लिंगाला खाली बाक आहे. यालाच हायपोस्पेडियास म्हणतात. दोन्ही गोट्या पिशवीत उतरलेल्या आहेत. एक सर्जन म्हणतात एकाच ऑपरेशनमध्ये होईल, दुसरे म्हणतात दोन टप्पे लागतील. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, पाच वर्षांचा होऊ दे, मग बघू. यातलं खरं कोणाचं, आणि ऑपरेशननंतर घरी सांभाळायचं कसं?

दोन्ही सर्जनांचं म्हणणं खरं असू शकतं. भोक कुठे आहे ते पाहणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. बाक किती आहे हे मात्र बाळाला भूल देऊन, लिंगावरची कातडी मुळापर्यंत सोडवून पाहिल्याशिवाय नक्की कळत नाही. आणि टप्पे किती ते भोकावरून कमी, बाकावरून जास्त ठरतं. म्हणून मध्यावरच्या हायपोस्पेडियासमध्ये "एकाच वेळी होईल असं वाटतंय, पण टेबलावर बाक जास्त निघाला तर दोन टप्पे करावे लागतील" हे उत्तर सगळ्यात प्रामाणिक. बाहेरून तपासून कोणी ठाम आकडा सांगत असेल तर त्यांना एकच विचारा: कातडी सोडवल्यावर बाक 30 अंशांपेक्षा जास्त निघाला तर काय कराल?

हा दोष तयार कसा होतो ते समजलं की बाकीचं सोपं जातं. गर्भाच्या साधारण 8 ते 14 व्या आठवड्यात मुलाचा मूत्रमार्ग आधी उघड्या पन्हळीसारखा असतो. पुरुष संप्रेरकांच्या जोरावर पन्हळीच्या दोन्ही कडा मुळाकडून टोकाकडे एकमेकींना चिकटत जातात आणि नळी तयार होते. हे काम जिथे थांबतं तिथे भोक राहतं. त्याच्या पुढे टोकापर्यंत न मिटलेल्या पन्हळीची गुलाबी, ओलसर पट्टी दिसते. पुढची कातडीही खालच्या बाजूला जुळत नाही, ती सगळी वरच्या बाजूला नागाच्या फण्यासारखी गोळा होते. खालची कातडी आणि तिच्याखालचे थर आखूड राहिल्यामुळे ताठरतेच्या वेळी लिंग खाली वाकतं. म्हणजे भोक, फणा आणि बाक अशा तीन गोष्टी आहेत. तिन्ही प्रत्येकात सारख्या नसतात. साधारण 200 ते 300 मुलांमागे एकाला हा दोष असतो आणि त्यातल्या बहुतेकांचं भोक टोकाच्या जवळच असतं. वडिलांना किंवा भावाला असेल तर शक्यता वाढते. गरोदरपणात आईने काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, याचा यात काडीचाही संबंध नाही. हे आजीला स्पष्ट सांगा, कारण ओपीडीत आईच्या तोंडावर ते ओझं सरळ दिसतं.

तो कातडीचा फणा दुरुस्तीचं सगळ्यात चांगलं सामान आहे. म्हणून सुंता करायची नाही, कोणत्याही कारणाने नाही, अगदी "कातडी घट्ट आहे" म्हणूनही नाही. ज्या घरांत सुंता करतात त्यांना ऑपरेशनच्या वेळी ती आपोआप होते, पण क्रम हाच असावा. एक अपवादात्मक प्रकार फसवा असतो. त्यात पुढची कातडी पूर्ण आणि नेहमीसारखी दिसते, आत मात्र भोक रुंद आणि खाली असतं. सुंता करायला घेतल्यावरच ते लक्षात येतं. तसं दिसलं तर तिथेच थांबून मूल बालशल्यविशारदाकडे पाठवणं हे बरोबर.

तुमच्या बाळाच्या दोन्ही गोट्या हाताला लागतात, ही मोठी दिलाशाची गोष्ट. भोक खाली आणि एक गोटी सापडत नाही, अशी जोडी असेल तर गुणसूत्रांची तपासणी आधी होते. दोन्ही गोट्या सापडत नसतील तर ते नवजात बाळ मुलगा आहे असं गृहीतच धरायचं नसतं. ते अॅड्रिनल ग्रंथीच्या जन्मजात विकाराची मुलगी असू शकते, आणि अशा बाळाच्या रक्तातलं मीठ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत धोकादायकरीत्या घसरू शकतं. तिथे ऑपरेशनची चर्चा नंतर, सोडियम-पोटॅशियम आणि हार्मोनची तपासणी त्याच दिवशी. साध्या, मध्यावरच्या किंवा टोकाजवळच्या प्रकारात मात्र सोनोग्राफी, गुणसूत्रं, मूत्रमार्गाचे एक्स-रे यांची रांग लावायची गरज नसते. भोक अंडकोषापाशी किंवा त्याखाली असेल तर वेगळं.

वयाचं. 6 ते 18 महिने हा काळ जगभर योग्य मानला जातो, आणि त्यामागची कारणं व्यवहारातली आहेत. बाळ डायपरमध्ये असतं, म्हणून नळी सांभाळणं सोपं. ते पळत नाही, स्वतः पट्टी ओढत नाही, "मला शू करायची नाही" म्हणून रोखून धरत नाही. दोन टप्पे लागले तरी शाळेच्या आत सगळं आटोपतं. पाच वर्षांच्या मुलाला यातलं सगळं आठवतं, तो कोणाला हात लावू देत नाही, आणि ताठरताही वारंवार येते, तिचा टाक्यांवर ताण पडतो. पाच वर्षं थांबून काही मिळत नाही.

भुलेची भीती रास्त आहे. लहान वयात एकदाच, थोडा वेळ दिलेल्या भुलेने पुढे बुद्धीवर परिणाम झाल्याचं या विषयावरच्या मोठ्या तुलनात्मक अभ्यासात दिसलं नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2016 मध्ये जी सूचना दिली ती तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून लांब दिलेल्या भुलेबद्दल आहे. म्हणून लहान मुलांना रोज भूल देणारा भूलतज्ज्ञ असलेलं रुग्णालय निवडणं हे रुग्णालय घराजवळ असण्यापेक्षा महत्त्वाचं.

लिंग लहान असेल तर ऑपरेशनआधी टेस्टोस्टेरॉन देतात. इथे मोजपट्टी लावावी, अंदाज नको. शिश्नमुंडाची, म्हणजे लिंगाच्या टोकाच्या गोलसर भागाची, रुंदी 14 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर टाके सुटण्याचं प्रमाण वाढतं असं दिसून आलं आहे. साधारण 2 मिलिग्रॅम दर किलोला या हिशेबाने महिन्यातून एक इंजेक्शन, अशी दोन किंवा तीन, आणि शेवटचं ऑपरेशनच्या महिना-दीड महिना आधी. काही जण मलम देतात. मलमात किती औषध आत गेलं ते कळत नाही आणि चोळणाऱ्या आईच्या बोटांतूनही ते शरीरात जातं, म्हणून हातमोजा घालूनच लावा. या काळात बारीक केस, थोडी चिडचिड, लिंगाला जास्त ताठरता दिसते. औषध थांबलं की हे ओसरतं. मुंड पुरेसं रुंद असेल तर हे औषध लागतच नाही. "सगळ्यांना देतो" ही पद्धत मला पटत नाही.

ऑपरेशनच्या दिवशी काय घडतं ते सविस्तर सांगतो, कारण टप्प्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

भूल दिल्यावर कमरेखाली पाठीतून किंवा लिंगाच्या मुळाशी बधिर करणारं इंजेक्शन देतात, म्हणजे जागं झाल्यावर पहिले काही तास बाळ शांत राहतं. मुंडातून एक टाका ओढून धरायला घेतात. भोकाच्या खालून आणि मुंडाच्या मागून गोल छेद घेऊन सगळी कातडी बाही उलटावी तशी मुळापर्यंत सोडवतात. पुष्कळदा इथेच बाक निम्म्याने कमी होतो, कारण दोष आखूड कातडीचाच असतो. मग मुळाशी रबरी पट्टी बांधून बारीक सुईने सलाइन भरतात आणि लिंग ताठ करून बाजूने पाहतात. ही चाचणी 1974 पासून वापरात आहे आणि तिच्याशिवाय केलेलं हायपोस्पेडियासचं ऑपरेशन अर्धवट समजावं. बाक कोनमापकाने मोजावा. नजरेने 20 अंश वाटणारा बाक मोजल्यावर 35 निघतो, हे नेहमीचं.

बाक 30 अंशांच्या आत असेल तर वरच्या बाजूला, बरोबर मधोमध, एक न विरघळणारा टाका घालून तो सरळ करतात. मधोमध अशासाठी की संवेदना नेणाऱ्या नसा तिथे सगळ्यात विरळ असतात. एका टाक्याने सरळ झाला नाही म्हणून तीन-चार टाके घालत जाणं चुकीचं. लिंग वरून आखूड होतं, टाके ताणाखाली राहतात, आणि वयात येताना बाक परत डोकं वर काढतो.

बाक आवरला आणि पुढची गुलाबी पट्टी धडधाकट असली की एकाच टप्प्यात काम होतं. आज सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत अमेरिकेतल्या स्नॉडग्रास यांनी 1994 मध्ये मांडली. पट्टीच्या दोन्ही कडांना समांतर छेद घेऊन मुंडाचे दोन पंख मोकळे करतात. मग पट्टीच्याच मधोमध उभा, खोल छेद देतात. हीच यातली किल्ली: अरुंद पट्टी पसरते आणि तिची नळी करता येते, मधली उघडी जागा आतल्या अस्तराने भरून येते. 6 फ्रेंच, म्हणजे 2 मिलिमीटर जाडीची नळी आत ठेवून तिच्यावर पट्टी गुंडाळतात. धागा 7-0, केसाएवढा, विरघळणारा. टाके अस्तराच्या आत न शिरता त्याच्या खालच्या थरातून, दोन ओळींत. त्यामुळे कडा आत वळतात. भिंगाचा चष्मा घातल्याशिवाय हे नीट होत नाही.

दोन ठिकाणी चूक महागात पडते. पहिली, टोकाला. सुंदर दिसावं म्हणून नळी अगदी शेवटपर्यंत शिवली तर नवं भोक अरुंद होतं. पहिला टाका पट्टीच्या टोकापासून साधारण 3 मिलिमीटर मागे पडला पाहिजे, म्हणजे भोक लांबट अंडाकृती राहतं. दुसरी, नळी आणि कातडी यांच्यामध्ये. नळीच्या टाक्यांची ओळ आणि कातडीच्या टाक्यांची ओळ एकमेकींवर थेट पडली की शू आतून बाहेर वाट काढते. म्हणून मध्ये एक पाणी अडवणारा थर हवा. वरच्या फण्याच्या कातडीखालून रक्तवाहिन्यांनी भरलेला पातळ पडदा, डार्टोस, सोडवून तो खाली आणून नळीवर पांघरतात. खालच्या प्रकारात किंवा दुसऱ्यांदा करताना वृषणाभोवतीचं आवरण आणतात, ते अधिक भरवशाचं. मग मुंडाचे पंख ताण न पडता जुळवायचे. ताणून जुळवले तर आठवडाभर छान दिसतं आणि मग सुटतं.

अगदी टोकाजवळच्या भोकाला इतकं लागत नाही. डकेट यांची 1981 ची भोक पुढे सरकवण्याची पद्धत किंवा 1932 पासूनची माथ्यू यांची कातडीची घडी वापरून करायची पद्धत अजून चालते. मुंडावरच भोक, बाक नाही आणि धार सरळ असेल तर न करणं हाही निर्णय आहे. पण तुमच्या बाळाचं भोक मध्यावर आहे आणि बाक आहे, तेव्हा हा पर्याय इथे लागू नाही.

आता दोन टप्प्यांचं. कातडी सोडवूनही बाक 30 अंशांच्या पुढे राहिला, तर दोष त्या गुलाबी पट्टीत आणि तिच्या खालच्या थरात आहे. ती पट्टी मधूनच कापून लिंग सरळ करावं लागतं. पट्टी गेली म्हणजे नळी शिवायला कापड उरलं नाही. ते आणायचं फण्याच्या आतल्या कातडीतून. एकाच वेळी या कातडीची नळी करून बसवण्याची पद्धत आग्र्याच्या आसोपांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे फिलाडेल्फियाच्या डकेट यांनी 1980 मध्ये तिचं सुधारलेलं रूप लोकप्रिय केलं. कुशल हातात ती उत्तम चालते, पण पुढे नळी फुगणं, जोड अरुंद होणं असे त्रास जास्त दिसतात. म्हणून आज बरेच जण दोन टप्पे घेतात.

पहिल्या टप्प्यात लिंग सरळ होतं, मुंड मधोमध उघडलं जातं आणि फण्याच्या आतल्या कातडीचा तुकडा, त्याखालची चरबी काढून, त्या उघड्या जागेवर बारीक टाक्यांनी गादी शिवावी तसा बसवतात. त्यावर घट्ट पट्टी बांधतात, 5 ते 7 दिवस ती हलवायची नसते. पहिले 48 तास तो तुकडा खालच्या ओलाव्यावरच जगतो. खाली रक्त साठलं किंवा तो सरकला की नव्या रक्तवाहिन्या शिरत नाहीत आणि तुकडा आखडतो. दुसरा टप्पा किमान 6 महिन्यांनी, जागा मऊ, चिमटीत हलणारी झाल्यावर. तेव्हा त्या बसवलेल्या कातडीची नळी करतात. मधल्या काळात शू खालच्याच भोकातून येते आणि लिंग उघडं, सपाट, विचित्र दिसतं. काही बिघडलेलं नाही. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे दर पाहुण्यामागे नवा सल्ला येणार नाही. फण्याची कातडी आधीच वापरून संपली असेल तर ओठाच्या किंवा गालाच्या आतलं अस्तर घेतात. ते ओलं राहायला सरावलेलं असतं. अंडकोषाच्या कातडीची नळी मात्र करू नये, वयात आल्यावर आत केस उगवतात आणि त्यांवर खडे धरतात.

थोडक्यात, दोन टप्पे सांगणारा सर्जन कमी कुशल नव्हे. बाक न मोजता एकाच टप्प्याचा शब्द देणारा मात्र खटकायला हवा. पहिल्या ऑपरेशनला कातडी कोरी असते, रक्तपुरवठा शाबूत असतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी सर्जन कितीही चांगला असला तरी सामान उरत नाही. म्हणून वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, आमच्यासारख्या केसमध्ये किती जणांना परत यावं लागतं, हे विचारायला संकोच करू नका. घरी एक गोष्ट करता येते: सकाळी जागं होताना लिंग ताठ असतं तेव्हा बाजूने एक फोटो काढून ठेवा आणि ओपीडीत फोनवरच दाखवा. बाक समजायला तो फार उपयोगी पडतो. कुटुंबाच्या ग्रुपवर मात्र पाठवू नका.

तयारीत लक्ष घालायच्या गोष्टी थोड्याच आहेत. हिमोग्लोबिन 10 च्या वर असावं. या वयात आपल्याकडे ते बरेचदा कमी निघतं, तेव्हा लोहाचे थेंब दोन महिने आधीच सुरू करा. सर्दी-खोकला, ताप असेल तर लपवू नका. तारीख दोन-तीन आठवडे पुढे गेलेली परवडते. लस आणि ऑपरेशन यांत आठवडाभर तरी अंतर ठेवा, नाहीतर लशीचा ताप की जखमेचा, हे कोडं होऊन बसतं. उपाशी ठेवण्याचे तास पक्के: वरचं दूध किंवा पेज-खिचडी 6 तास आधी बंद, अंगावरचं दूध 4 तास आधी, साधं पाणी 2 तास आधी. कमरेचा करगोटा काढून या, चांदीचा असेल तर नक्कीच, कारण विजेच्या साधनाने रक्तवाहिन्या बंद करताना धातू अंगावर नसावा. आठवडाभर आधीपासून शी घट्ट होऊ देऊ नका. कुंथताना मूत्राशय आवळतं आणि शू नळीच्या बाजूने टाक्यांमधून रेटली जाते.

घरी. पुष्कळ मुलं त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, शूसाठी आत ठेवलेल्या नळीसह घरी जातात. मध्यावरच्या प्रकारात नळी 7 दिवसांच्या आसपास, खालच्या प्रकारात 10 ते 14 दिवस. नळीचं बाहेरचं टोक पिशवीला जोडायची गरज नसते, दोन डायपर पुरतात. आतला डायपर नेहमीच्या मापाचा, त्याला पुढच्या बाजूला बोटभर भोक पाडा, त्यातून नळी बाहेर काढा. त्यावर एक माप मोठा दुसरा डायपर. नळीचं टोक याच्यात राहील. आतल्यात शी होते, बाहेरच्यात शू. शी आणि जखम अशी वेगळी राहतात, शिवाय नळी चालू आहे का ते बाहेरचा डायपर हाताला ओला लागतो की नाही यावरून कळतं. लंगोट-दुपट्यांत हे जमत नाही. इतके दिवस ती बाजूला ठेवा.

शूचं माप साधं आहे. दर किलोला तासाला किमान 1 मिलिलिटर, म्हणजे 8 किलोच्या बाळाला तासाला 8 मिलिलिटर तरी. तीन-चार तास बाहेरचा डायपर कोरडा असेल तर आधी नळी कुठे मुरडली, डायपरच्या कडेत दबली ते पाहा. सरळ करूनही येत नसेल, ओटीपोट टम्म असेल, बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. नळी स्वतः ओढू नका, सिरिंजने पाणी ढकलू नका. नळी अचानक निघाली तर परत घालायचा प्रयत्न अजिबात नाही. फोन करा, पुष्कळदा बाळ त्याशिवायही शू करतं.

अधूनमधून बाळ एकदम कळवळून ताठ होतं, मिनिटभराने शांत होतं आणि नळीच्या बाजूने थोडी शू गळते. हा मूत्राशयाचा पेटका. नळीचं आतलं टोक टोचल्याने तो येतो. त्यावर ऑक्सिब्युटिनिन देतात, पण वजनावर, सर्जनने लिहून दिल्यावरच. त्याने तोंड कोरडं पडतं, अंग गरम लागतं, शी घट्ट होते, तेव्हा पाणी आणि पातळ आहार सोबत हवाच.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, दर किलोला 15 मिलिग्रॅम, दर 6 तासांनी. 8 किलोच्या बाळाला 120 मिलिग्रॅम. इथे घोळ होतो तो बाटलीचा. 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमचं सिरप असेल तर जवळजवळ पूर्ण चमचा, म्हणजे 4.8 मिलिलिटर. 5 मिलिलिटरमध्ये 250 असेल तर 2.4. आणि 1 मिलिलिटरमध्ये 100 असलेले ड्रॉप्स असतील तर फक्त 1.2. ड्रॉप्सच्या बाटलीतून चमचाभर पाजलं तर चौपटीहून जास्त डोस गेला. औषध मोजायला सिरिंजच वापरा, चमचा नको. पहिले दोन दिवस दुखो न दुखो, वेळेवर द्या.

पट्टी कधी काढायची ते सर्जन सांगतील. काढल्यावर जे दिसतं त्याने आईवडील हादरतात: लिंग सुजलेलं, निळसर-जांभळं, गाठोड्यासारखं. सूज उतरायला दोन-तीन आठवडे लागतात, खरा आकार कळायला तीन-चार महिने. जागा डायपरला चिकटू नये म्हणून दिवसातून चार-पाच वेळा जखमेचं मलम किंवा पेट्रोलियम जेली जाडसर लावा. वाळलेली खपली खरवडू नका, कोमट पाण्यात बसवलं की सुटते. हळद, खोबरेल, कुठल्याही पानांचा रस नको. तेल-मालिश त्या भागापुरती महिनाभर बंद.

बाळाला कडेवर घेण्याची सवय इथे नडते. कडेवर बसलं की पाय फाकतात आणि नेमका तोच भाग आपल्या कमरेच्या हाडावर दाबला जातो. तीन आठवडे छातीशी, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन धरा. वॉकर, खेळण्यातला घोडा, तीनचाकी बंद. गाडीवरून मांडीत बसवून नेणंही टाळा.

नळी निघाल्यावरची पहिली शू बाळ रडतच करतं, धार फवाऱ्यासारखी उडते. कोमट पाण्याच्या टबात बसवून करू दिली की सोपं जातं. मात्र रक्त थेंबभर नव्हे तर डायपर भिजवणारं असेल, 101 फॅरनहाइटच्या वर ताप असेल, मुंडाचं टोक काळं पडत असेल किंवा नळी निघाल्यावर 6 तास शू नसेल, तर वाट पाहू नका. रक्त येत असेल तर वाटेत स्वच्छ कापडाने 10 मिनिटं सलग दाबून धरा, मधे उघडून बघू नका.

आता बिघडतं काय. टोकाजवळच्या प्रकारांत साधारण 5 ते 10 टक्के मुलांना पुन्हा काही ना काही करावं लागतं. अगदी खालच्या प्रकारांत हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही पुढे जातं. मध्यावरचा प्रकार या दोहोंच्या मधे. हे आकडे सर्जनच्या तोंडून ऑपरेशनआधी ऐकलेले बरे.

सगळ्यात नेहमीचा म्हणजे फिस्टुला. धार टोकातून येतेच, शिवाय खाली टाचणीएवढ्या भोकातून एक थेंब किंवा दुसरी बारीक धार दिसते. पहिल्या काही आठवड्यांत दिसलेला बारीक फिस्टुला आपोआप मिटू शकतो. उरला तर किमान 6 महिने थांबूनच दुरुस्ती, कारण सुजलेल्या ऊतीत घातलेला टाका टिकत नाही. आईवडिलांना घाई असते, कधी सर्जनलाही असते. दुसऱ्यांदा फुटण्याचं ते मोठं कारण. आणि फिस्टुला बंद करण्याआधी त्याच्या पुढचा रस्ता मोजलाच पाहिजे. टोकाचं भोक अरुंद असेल तर शू मागे दाबते आणि कमकुवत टाक्यातून फुटते. नळ तुंबलेला ठेवून पाइपाची गळती बुजवण्यासारखं ते. बाळाच्या टोकातून 8 फ्रेंचची नळी सहज जायला हवी. नसेल जात तर आधी तो अडथळा.

भोक अरुंद झाल्याची खूण घरी ओळखता येते: धार दोऱ्यासारखी बारीक, लांब आणि वर उडणारी, शू संपायला नेहमीपेक्षा खूप वेळ, चेहरा लाल होईपर्यंत जोर. "किती लांब धार मारतो" म्हणून घरात कौतुक चालू असतं आणि मूत्राशय मागे दमत असतं. महिनोन्‌महिने सळई घालून भोक मोठं करत राहणं ही जुनी सवय. त्याने आत आणखी व्रण पडतात. खरंच अरुंद असेल तर ते कापून मोठं करणं एकदाचं बरं. मुंडाचे पंख सुटले तर मूल शू नीट करतं, फक्त भोक थोडं मागे राहतं. दुरुस्ती ऐच्छिक आणि सहा महिन्यांनीच. शू करताना लिंगाखाली फुगा येत असेल आणि नंतर चड्डी थेंबथेंब भिजत असेल तर शिवून केलेली मूत्रमार्गाची नळी फुगली आहे, ते दाखवा. टोकाभोवती पांढरा, कडक, कागदासारखा पट्टा दिसला तर तो त्वचेचा वेगळा आजार असतो आणि तिथे लिंगाच्या कातडीऐवजी तोंडातलं अस्तर वापरावं लागतं.

खर्चाचं: राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत लहान मुलांच्या शस्त्रक्रियांची पॅकेजेस आहेत. योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. तिथे "हायपोस्पेडियास" हा शब्द लिहिलेला कागद दाखवा आणि दोन टप्पे लागले तर दोन्हींची मंजुरी वेगवेगळी घ्यावी लागेल का, ते तेव्हाच विचारून घ्या.

तपासणीच्या वेळा साधारण अशा ठेवतात: नळी काढताना, महिन्याने, सहा महिन्यांनी, मग मूल स्वतः शौचालयात जायला लागल्यावर. या शेवटच्या वेळी मशीनमध्ये शू करायला लावून धारेचा वेग मोजता येतो, त्यासाठी मुलाला भरपूर पाणी पाजून, शू न करता आणा. त्यानंतरची भेट वयात येताना, 12 ते 15 च्या सुमारास, कारण लपलेला बाक बाहेर यायचा असेल तर तेव्हाच येतो. तोपर्यंत ऑपरेशनचा मूळ कागद, कोणती पद्धत, किती अंश बाक, फण्याची कातडी वापरली की शिल्लक आहे, हे सगळं लिहिलेला, लॅमिनेट करून जन्मदाखल्याबरोबर ठेवा. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "हायपोस्पेडियास दुरुस्ती" एवढंच लिहिलं असेल तर रुग्णालयातून निघण्याआधी बाकी तपशील लिहून मागा.